थोडं गोरं करून द्या

"कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न दर लग्नसराईच्या आधी मला चार-पाच जण तरी विचारतात. विचारणारा बहुधा विशी-बाविशीतला मुलगा असतो. मानखुर्द, गोवंडी, फार तर ट्रॉम्बेचा. एखाद्या शूटिंगवाल्याकडे दोन सीझन लाइट धरून झालेला, आणि आता स्वतःचा धंदा करायचा म्हणून घरच्यांकडून पैसे गोळा केलेला. येताना मोबाइलवर कॅमेऱ्यांच्या तुलनेचे वीसेक व्हिडिओ पाहून आलेला असतो. डावीकडे एक कॅमेरा, उजवीकडे दुसरा, मध्ये पांढरी रेघ आणि दोन्हीकडे खिडकीशी बसलेली तीच ती गोरीपान मॉडेल.

माझं उत्तर ठरलेलं आहे: परवडेल तो घे. त्यावर त्याचं समाधान होत नाही. त्याला वाटतं, काका टाळतायत. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी थोडी ओळख. मी मानखुर्दला राहतो आणि लग्न, साखरपुडा, बारसं, वाढदिवस यांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. त्याला एडिटिंग म्हणणारे लोक अंधेरीत बसतात, आमच्याकडे मिक्सिंगच म्हणतात. थोडंफार शूटिंगही केलंय. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते धंद्यातल्या माणसाचं मत आहे, शास्त्रज्ञाचं नाही.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर १९९५ साली सोनीने व्हीएक्स१००० काढला. तीन सीसीडी, मिनीडीव्ही कॅसेट आणि फायरवायरची एक बारीकशी केबल. तोवर आपल्याकडच्या लग्नांत खांद्यावर पॅनासॉनिकचे व्हीएचएस कॅमेरे असायचे. व्हीएचएसची कॉपी काढली की रंग उतरायचा, कॉपीची कॉपी काढली की शालूचा लाल ओघळून नवरीच्या हनुवटीपर्यंत यायचा. डीव्हीमध्ये कॉपी म्हणजे हुबेहूब कॉपी. मग २००० साली सोनीचा पीडी१५० आला, २००३ साली पीडी१७०, आणि खांद्यावरचाच हवा असा हट्ट असलेल्यांसाठी पॅनासॉनिकचा एमडी-१००००. (हट्ट वाटतो तितका वेडगळ नव्हता. छोटा कॅमेरा घेऊन गेलं की मुलीचे वडील म्हणायचे, "एवढासाच कॅमेरा? मोठा नाही आणला?" कॅमेऱ्याच्या आकारावर रेट ठरायचा.)

त्या काळी दोन पंथ होते. सोनीवाले आणि पॅनासॉनिकवाले. सोनी थंड, पॅनासॉनिक उबदार. सोनी अंधारात चालतो, पॅनासॉनिक चेहरा छान देतो. २००२ साली पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० आला, सिनेमासारख्या २४ फ्रेम्स घेणारा, त्यानंतर तर या वादाला धार्मिक रूपच आलं. मी दोन्ही पंथांच्या कॅसेटी मिक्सिंगला घेतल्या आहेत. एकाच लग्नाच्या, दोन कॅमेऱ्यांवरच्या, एका टायमलाइनवर. माझं मत असं बनलं की या भांडणातलं निम्म्याहून जास्त भांडण व्हाइट बॅलन्सचं होतं. दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवा, एकाच उजेडात, एकाच पांढऱ्या कागदावर हाताने व्हाइट बॅलन्स घ्या. जो फरक उरतो तो मिक्सिंगच्या टेबलावर पाच मिनिटांत मिटतो. पण कागद धरतो कोण? लग्नात शूटिंगवाल्याला जेवायला वेळ नसतो, तो कागद कुठे धरणार! बटन ऑटोवर.

आणि ऑटोचा खरा चेहरा बघायचा असेल तर हळदीला बघावा.

ऑटो व्हाइट बॅलन्सचा हिशेब साधा असतो. त्याला वाटतं, जगातले सगळे रंग एकत्र घोटले तर सरासरी राखाडी येते. फ्रेममध्ये पिवळं जास्त दिसलं की तो समजतो, दिव्याचा रंग पिवळा पडलाय, आणि भरपाई म्हणून निळं ओततो. आता हळदीच्या फ्रेममध्ये काय असतं? पिवळी साडी, पिवळा चौरंग, मागे झेंडूच्या माळा, आणि मध्ये गालापासून पोटऱ्यांपर्यंत हळदीने माखलेली मुलगी. कॅमेरा इमानेइतबारे निळं ओततो आणि सगळी हळद फिकी पडते, बेसनाच्या पाण्यासारखी. मग कोणीतरी लाल शर्टवाला मामा फ्रेममध्ये येतो आणि रंग परत हलतो. मामा गेला की पुन्हा बेसन. मिक्सिंगवाला वैतागून सॅच्युरेशन वर ढकलतो, तेव्हा हळद हिरवट होते. एवढ्या सगळ्यात सांगलीच्या बाजारातून आणलेल्या त्या हळदीचा मूळ रंग कोणाच्याही ध्यानात राहिलेला नसतो.

म्हणून त्या मुलांना मी सांगतो, तुलना करायची तर हळदीची वाटी घेऊन कर. शिवाय हिरवा चुडा, पांढरी साडी, कुंकू आणि स्टीलचा तांब्या. आणि गल्लीतली तीन माणसं उभी कर: एक गोरं, एक गव्हाळ, एक काळंसावळं. भर दुपारी एकदा आणि घरातल्या ट्यूबखाली एकदा. खिडकीशी बसलेली ती मॉडेल तुझ्या धंद्यात कधी येणार नाही.

आमच्याकडचा उजेड हाही एक वेगळाच विषय आहे. लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसनाच्या वसाहतींत इमारती एवढ्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर बारा वाजता दिवा लावावा लागतो. लग्नाच्या आधीचे अर्धे विधी त्या खोल्यांत होतात. जुन्या ट्यूब आणि सीएफएलच्या उजेडात हिरव्याचा एक काटा असतो. डोळ्याला तो कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो, आणि सावळा माणूस त्यात आजारी दिसतो. त्यात शूटिंगवाला स्वतःचा हॅलोजन लावतो, तो ३२०० केल्विनचा, नारिंगी. ट्यूब साडेसहा हजारांची, निळसर. एका गालावर एक दिवा, दुसऱ्या गालावर दुसरा. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सुटत नाही, कारण व्हाइट बॅलन्स फ्रेमला एकच असतो आणि इथे दोन लागतात. मांडव उघड्यावर असेल तर वरचं लाल-पिवळं कापड असतंच. दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं आणि खाली बसलेली सगळी पंगत गुलाबी.

रस्त्यावरच्या वरातीचं तर विचारूच नका. सायन-पनवेल रस्त्यावरचे ते जुने पिवळे सोडियमचे दिवे आठवतात? त्या दिव्यांचा रंग दाखवण्याचा निर्देशांक जेमतेम २०-२५ असतो. उन्हाचा १०० धरतात. म्हणजे त्या उजेडात निळा, हिरवा हे रंग जवळजवळ नसतातच. जे मुळात टेपवर आलंच नाही ते मिक्सिंगमध्ये कुठून आणणार? आता बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राजकीय पक्ष भांडले, राणीचा नेकलेस पांढरा पडला म्हणून. मला तेव्हा गंमत वाटली होती. एक अख्खं शहर व्हाइट बॅलन्सवर भांडत होतं! आमच्याकडचे दिवे बदलले तेव्हा मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. असो.

हे सगळं झालं उजेडाचं. आता चेहऱ्याकडे येतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच.

कॅमेरा हातात घेतलेल्यांना झेब्रा माहीत असेल. चित्रातला जो भाग ठरावीक पातळीच्या वर उजळ असतो त्यावर तिरक्या रेघा दिसतात. त्या काळच्या कितीतरी कॅमेऱ्यांवर झेब्रा ७० टक्क्यांवर लावायची सोय असे, आणि शिकवणारे सांगायचे, चेहऱ्याच्या उजळ भागावर रेघा दिसायला लागल्या की एक्स्पोजर बरोबर. कोणाच्या चेहऱ्यावर? हे कोणी सांगायचं नाही. ७० टक्के हा गोऱ्या कातडीचा आकडा आहे. सावळ्या चेहऱ्याला पन्नास-पंचावन्न पुरतात, काळ्या चेहऱ्याला त्याहून कमी. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालावर रेघा आणायच्या म्हणजे आयरिस एवढा उघडायचा की मागची भिंत जळून जाईल आणि माणूस पिठात लोळल्यासारखा दिसेल.

हे नुसतं व्हिडिओचं नाही. फोटोच्या फिल्मचीही तीच कथा. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक कार्ड पाठवत असे, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिला सगळे शर्ली म्हणत. शर्लीचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ या अभ्यासिकेने २००९ साली यावर एक लेख लिहिला. त्यात एक गोष्ट आहे ती विसरता येत नाही. गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कोडॅकने मनावर घेतली ती चॉकलेटवाल्यांची आणि लाकडी फर्निचरवाल्यांची. काळी माणसं त्याच्या आधीपासून होतीच की.

पण शर्लीला किती दिवस नावं ठेवणार? मिक्सिंगच्या टेबलावर माझ्या शेजारी स्टूल ओढून बसणारी पार्टी काही अमेरिकेहून येत नाही. मुलीची आई, मोठा भाऊ, कधी स्वतः मुलगी. दोन गाणी सांगतात, मामाचं आहेर देणं राहिलं म्हणतात, आणि उठता उठता हळू आवाजात: "दादा, तिला जरा थोडं गोरं करून द्या ना."

दर वेळी. अक्षरशः दर वेळी. मुलासाठी कमी, मुलीसाठी हमखास.

आपल्या भाषेत लग्नाच्या बाजाराने केवढे शब्द तयार केले आहेत बघा. गोरा, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा, काळासावळा. काळा हा शब्द जाहिरातीत कधीच नसतो, जणू महाराष्ट्रात काळं कोणी जन्मलंच नाही. पंढरपूरला कमरेवर हात ठेवून उभा आहे त्याचं सोडा, त्याला स्थळ बघायचं नव्हतं. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली तिने नावातला फेअर काढून टाकला. आमच्या धंद्यातला फेअर अजून कोणी काढलेला नाही. आता तयार रंगांचे संच विकत मिळतात, लग्नासाठी खास. एक क्लिक केलं की सगळं वऱ्हाड पीचच्या रंगाचं.

हे गोरं करणं यंत्रात काय असतं ते सांगतो, म्हणजे मी कशाच्या विरोधात आहे ते नीट कळेल. रंग मोजायला व्हेक्टरस्कोप नावाची एक गोल तबकडी असते. तिच्यावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक रेघ आहे. कोणत्याही माणसाची कातडी, मग तो नॉर्वेचा असो की गडचिरोलीचा, नीट उजेडात घेतली तर साधारण त्याच रेघेच्या आसपास पडते. कारण कातडीखालचं रक्त तेच आणि रंगद्रव्यही तेच, कमीजास्त एवढंच. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी शेजारपाजारच्या सगळ्यांचे चेहरे तबकडीवर टाकून पाहिले. खरंच एका रेघेत बसले. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा. म्हणजे गोरं करायचं तर मधल्या छटा वर ढकलायच्या, कातडीतला रंग थोडा काढून घ्यायचा आणि सावल्या पुसायच्या. ते केलं की पहिल्यांदा नाकाची कड जाते. मग गालावरची खळी जाते, हनुवटीखालची सावली जाते. गोंदण असेल तर ते जातं. शेवटी चेहरा उरतो पण तो कोणाचा हे कपड्यांवरून ओळखायचं.

उजळणं आणि गोरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेने 'उजळ' या शब्दात दोन्ही कोंबल्या आणि तिथेच घोटाळा झाला. चेहरा उजळायला उजेड लागतो. थर्माकोलची एक शीट घ्या, तिच्यावरून हॅलोजन उलटा फिरवून चेहऱ्यावर पाडा. सावळ्या कातडीवर उजेडाची जी चकाकी येते, कपाळावर, गालाच्या हाडावर, ती गोऱ्या कातडीवर तशी येत नाही. ती सांभाळायची. मग मिक्सिंगमध्ये चेहऱ्यापुरतं एक्स्पोजर थोडं वर, पण काळ्या छटा जागच्या जागी आणि रंग पूर्ण. आई बघते आणि म्हणते, "हां, आता छान दिसतेय." गोरी केलेली नसते. नीट दिसायला लागलेली असते, एवढंच. दहातल्या सात-आठ पार्ट्या इथे खूश होऊन जातात. त्यांना जे हवं होतं त्याला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता, असं मला वाटतं.

उरलेल्या दोन-तीन खूश होत नाहीत. त्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. एक मुलगी मला स्पष्ट म्हणाली, "काका, मला लहानपणापासून काळी म्हणून हाक मारलीय. एक दिवस मी वेगळी दिसले तर तुमचं काय जातंय? पैसे मी देतेय." याला उत्तर देणं सोपं नाही. ही डीव्हीडी, आता पेनड्राइव्ह, सासरी सगळे बसून बघणार. जावा बघणार. बघून बोलणार. ते बोलणं मला ऐकावं लागणार नाही, तिला लागणार. अशा वेळी मी तिला व्याख्यान देत नाही. तिला हवी तशी एक प्रत करून देतो, आणि मूळ रंगाची दुसरी प्रत, तिने मागितलेली नसली तरी, त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. आणि तिला सांगूनही ठेवतो. माझा आग्रह एवढाच आहे. गोरी प्रत करायची तर करा, पण खरी पुसून करू नका.

हा आग्रह कुठून आला ते सांगतो. आमच्या मागच्या चाळीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी एक डीव्हीडी घेऊन आला. त्याच्या आई-वडिलांच्या लग्नाची, २००४ सालची. वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. घरात त्यांचा धड फोटो नव्हता, ओळखपत्रावरचा काय तो एक. व्हिडिओतून एक चेहरा काढून मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय, म्हणाला. मी डीव्हीडी लावली. नवरा दुधासारखा पांढरा. नवरी पांढरी, भटजी पांढरा. लग्न ज्या कोणी केलं होतं त्याने अख्ख्या व्हिडिओवर एकच फिल्टर फिरवला होता. मुलाची आई सोबत आली होती. त्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे ते नाहीत. ते सावळे होते."

मी तो चेहरा खाली आणायचा प्रयत्न केला. आकडे ज्यांना कळतात त्यांच्यासाठी: डीव्हीडीच्या चित्रात प्रत्येक छटेला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. गाल आणि कपाळ सगळ्यात वरच्या पायरीला टेकलेलं. वरच्या पायरीवरचं सगळं एकसारखं पांढरं असतं, ते खाली ओढलं की एकसारखं राखाडी होतं. कातडी परत येत नाही. मूळ कॅसेट मिळाली तर काही जमेल म्हणून त्यांनी चौकशी केली. त्या स्टुडिओने कॅसेट पुढच्या ऑर्डरला वापरून टाकली होती. तेव्हा तशीच पद्धत होती. मिनीडीव्हीची कॅसेट साठ मिनिटांची, एका लग्नाला चार-पाच लागायच्या, त्यामुळे पुसून पुन्हा वापरायचे.

शेवटी ते सापडले दुसऱ्याच लग्नात. नात्यातल्या कोणाच्या तरी कपाटात एक कच्ची कॅसेट निघाली, मिक्सिंग न झालेली. तीत नवरा-नवरीला घास भरवताहेत, आणि मागे, हॅलोजनचा उजेड जिथे संपतो तिथे, एक माणूस वाढपी म्हणून भाताची बादली घेऊन उभा आहे. हसतोय. चित्र दाणेदार, रंग डीव्हीचे म्हणजे चार ठिपक्यांत मिळून एका ठिपक्याचा. पण अंधारात असल्याने काही जळालं नव्हतं, आणि मागे असल्याने कोणी गोरं केलं नव्हतं. मी दाणे थोडे कमी केले, ट्यूबचा हिरवा काढला आणि त्या रेघेवर आणून ठेवला. चेहरा तबकडीवर बरोबर बसला. वहिनी म्हणाल्या, "हे." बस, एवढंच.

ती कॅसेट कोणत्या कॅमेऱ्यावरची होती हे मी बघितलंसुद्धा नाही.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' ज्यांनी पाहिला असेल त्यांना माझं म्हणणं लवकर कळेल. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. तिथून सुरू झालेलं काम २०११ साली फिल्म होऊन पूर्ण झालं. चौदा वर्षं. एवढ्या काळात व्हिडिओच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या. त्यात इतरांनी घेतलेली दृश्यंही आहेत. पण बघताना कोणाच्या मनात येतं का की आता कॅमेरा बदलला? गाणाऱ्याचा चेहरा ज्या रंगाचा आहे त्याच रंगाचा दिसतो, पुरे आहे. तसंच नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तल्या पोराचं. २०१४ साली थिएटरात तो चेहरा एवढा मोठा पाहिला तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं मागच्या सीटवर एकदम गप्प झाली होती. मोठ्या पडद्यावर मध्यभागी आपल्या रंगाचा माणूस, आणि त्याला कोणी पावडर लावलेली नाही.

आणि कॅमेरा साधा आहे म्हणून रडणाऱ्यांनी मालेगावची मंडळी बघावीत. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आहे, २००८ सालचा. हिरवं कापड लावून सुपरमॅन उडवणारी यंत्रमागाच्या गावची माणसं. भर शूटिंगमध्ये त्यांचा कॅमेरा पाण्यात पडतो, तरी फिल्म पूर्ण होते.

आता पांढऱ्या साडीची गोष्ट राहिली. आमच्या भागात बौद्ध पद्धतीची लग्नं खूप. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत, मागे निळं कापड, समोर बुद्ध आणि बाबासाहेब. शूटिंगवाले या लग्नांना कंटाळतात, कारण ऑटोवर ठेवलेला कॅमेरा एवढं पांढरं पाहून आयरिस बंद करतो आणि दोन्ही चेहरे काळोखात बुडतात. मग मिक्सिंगवाला सगळं वर ढकलतो आणि साडीच्या चुण्या जातात. मला मात्र ही लग्नं आवडतात. अहो, व्हाइट बॅलन्सला लागणारा कागद नवरीनेच नेसलेला असतो! सकाळी त्या साडीवर एकदा बटन दाबा, दिवसभर रंग हलत नाही. आयरिस हातात घ्या, चेहऱ्याला बेता, आणि साडीच्या सगळ्यात उजळ घडीवर झेब्रा जेमतेम दिसू द्या. शिवाय पांढरी साडी खालून चेहऱ्यावर उजेड टाकते, थर्माकोल धरायला माणूस लागत नाही. त्रिशरण-पंचशील घेताना मान थोडी खाली झुकलेली असते तेव्हा तो उजेड बरोबर चेहऱ्यावर येतो. सावळ्या चेहऱ्यासाठी याहून चांगला लाइट मी विकत घेऊन पाहिलेला नाही.

नवीन कॅमेऱ्यांचं माझं वाकडं नाही. १० बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, जाहिरातीत पंधरा स्टॉपचे दावे. जे पूर्वी जळून जायचं ते आता परत आणता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. रंग जुळवायचं डाविंची नावाचं सॉफ्टवेअर एके काळी फक्त सिनेमाच्या मोठ्या स्टुडिओंच्या खोल्यांत असायचं. २००९ साली ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली आणि २०११ पासून त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. फुकट! मानखुर्दच्या दहा बाय बाराच्या खोलीत. गूगलने २०२२ साली दहा छटांची एक पट्टी जाहीर केली, माणसांच्या कातडीसाठी, समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी केलेली. तिच्यात आमच्या गल्लीतले सगळे कुठे ना कुठे बसतात. तरी त्याच मोबाइलमध्ये चेहरा आपोआप नितळ आणि गोरा करणारं बटनही असतंच. आणि कितीतरी मोबाइलवर ते विकत घेतानाच चालू असतं. म्हणजे पूर्वी पार्टीला निदान स्टुलावर बसून मला सांगावं तरी लागायचं.

तर, कॅमेरा घेणाऱ्या पोरांनो, परवडेल तो घ्या, पण हाताने व्हाइट बॅलन्स आणि हाताने आयरिस करता येतो का एवढं बघून घ्या. उरलेल्या पैशांत दोन चांगले एलईडी, एक थर्माकोल आणि एक मोठी हार्ड डिस्क. आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी शूटिंगवाल्याशी रेट ठरवतानाच सांगून ठेवा की मिक्सिंग झालेल्या व्हिडिओबरोबर कच्चं फूटेजही द्यायचं, सगळं, मागे भात वाढणाऱ्यांसकट. कुरकुर करतील, डिस्कचे पैसे वेगळे मागतील. द्या.